मागची गल्ली

"फुकट मिळणाऱ्या गोष्टींनी आजवर मोठमोठी राज्यं बुडवली आहेत," असं काकासाहेबांनी जाहीर केलं आणि कमरोद्दीनभाईंकडून आणलेल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. वर्तमानपत्र रोज कमरोद्दीनभाईंचं, चहा मंजुळाबाईंच्या हातचा आणि सावली शेजारच्यांच्या कडुनिंबाची. काकासाहेबांचं स्वतःचं असं फक्त मत होतं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. शहर मात्र पाण्याला न विचारता वाढत होतं. शहराच्या टोकाला, देवळाईच्या अंगाला इतकी प्लॉटिंग पडली होती की बिल्डरांना नावं पुरेनात. एकाच रस्त्यावर 'समृद्धी विहार' नावाच्या तीन कॉलन्या होत्या आणि तिन्हींत समृद्धी टँकरनं यायची. काकासाहेब मधल्या समृद्धीचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस टँकरची वाट बघत कोपऱ्यावर उभा राहतो, यात त्यांना काही चमत्कारिक वाटत नसे. टँकरवर दर खेपेला नवा ड्रायव्हर. तो फोन करायचा, मग काकासाहेब टोपी घालून कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपाशी जायचे आणि हात करून त्याला आत वळवायचे. "मागं अजून घरं हायेत का?" असं एखाद्यानं विचारलंच, तर म्हणायचे, "मागं रस्ता नाही."

रस्ता होता. नाल्याच्या कडेनं वळसा घालून जाणारा, कच्चा, पण टँकर जाईल एवढा. त्या मागच्या गल्लीत सात घरं, त्यातलंच एक कमरोद्दीनभाईंचं. वर्गणी सगळ्यांची सारखी. फरक इतकाच, की पुढच्या रांगेच्या टाक्या पाइपानं भरायच्या आणि मागच्यांनी उरलंसुरलं कॅननं वाहून न्यायचं.

काकासाहेबांच्या पत्नी मंजुळाबाई सोयगावकडच्या, मेंढरांमागं वाढलेल्या. कुठली वाट कुठं निघते हे त्यांना पायांनी कळायचं. पुण्याच्या लेकीनं आपला जुना फोन दिला, तेव्हा त्यांनी त्यातल्या नकाशात पहिल्यांदा आपली कॉलनी शोधली. पुढची रांग होती. मागं नाल्यापर्यंत नुसतं कोरं.

लेक म्हणाली, "आई, मग तूच काढ की. हा ओपनस्ट्रीटमॅप आहे. हा कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं आपापल्या भागातल्या वाटा यात काढतात. बघायला पैसे नाहीत, काढणाऱ्यांना पगार नाही."

मंजुळाबाईंना हे लगेच पटलं. काकासाहेबांना पटेना. "पगार नाही आणि काम करतात? मग खातात कुठं?"

लेकीनं फोनवर खातं उघडून दिलं. मंजुळाबाईंनी नाल्याच्या कडेनं दोन चकरा मारल्या आणि फोनवर बोटानं गल्ली काढली. सातही घरं टाकली. कमरोद्दीनभाईंची बायको सगीरा मागून डोकावत म्हणाली, "मंजुळाताई, आमचं गेट खांबासमोर दाखवा. लोक लई चुकतात." मग नकाशाची लिंक टँकरच्या मालकाला गेली.

पुढच्या खेपेला भारत नावाचा ड्रायव्हर करमाडहून आला. त्यानं फोन केलाच नाही. काकासाहेब टोपी घालून डीपीपाशी उभे होते आणि टँकर त्यांच्या डोळ्यांदेखत नाल्याकडं वळला. आधी मागची गल्ली भरली, मग पुढची. सगळ्यांना पुरलं. काकासाहेब त्या दिवशी दुसऱ्यांदा निवृत्त झाले, आणि या वेळी नारळसुद्धा मिळाला नाही.

घरी येऊन ते म्हणाले, "हे बरोबर नाही."

"आपलं पाणी कमी पडलं का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"प्रश्न पाण्याचा नाही."

"मग कशाचा हाय?"

"शिस्तीचा. उद्या कुणीही उठेल आणि कसलीही गल्ली काढील."

"काढू द्या की. खोटी असली तर दुसरा कुणी पुसतो."

काकासाहेबांनी टोपी काढून ठेवली. "पुसताही येतं?"

"व्हय. रेघेवर बोट ठेवायचं आन् कचऱ्याच्या डब्यावर दाबायचं."

"छान सोय आहे," काकासाहेब म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्यानं वादात इतकी लवकर माघार घेतलेली मंजुळाबाईंनी पाहिली नव्हती.

शुक्रवारी कमरोद्दीनभाईंच्या लेकीची, कहकशाची मंगनी होती. पाहुणे चारला येणार होते. सकाळी टँकर आला. ड्रायव्हर नवा, त्याचा फोन आला, काकासाहेबांनी टोपी घातली.

"मागं घरं हायेत म्हन्ले होते मालक," ड्रायव्हर म्हणाला.

"नकाशात बघ ना."

ड्रायव्हरनं बघितलं. मागं कोरं होतं. पुढच्या टाक्या काठोकाठ भरल्या आणि टँकर गेला. मागच्या गल्लीतून सगीरा नव्या साडीचा पदर खोचून, दोन हातांत दोन कॅन घेऊन आली, तेव्हा रस्त्यावर फक्त टायरांचा ओला माग होता. ती रिकामे कॅन घेऊन परत गेली. काकासाहेबांनी हे गच्चीवरून पाहिलं. चहा गोड लागेना.

तेवढ्यात मंजुळाबाईंच्या फोनवर निरोप आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"नमस्कार. मी ज्ञानेश्वरी, चंद्रपूरची. मीही हा नकाशा काढते. तुमच्या खात्यावरून समृद्धी विहारची मागची गल्ली पुसलेली दिसली. उपग्रहाच्या चित्रात तिथं सात घरं आहेत. ती पाडली का? पाडली असतील तर त्या लोकांची सोय कुठं झाली?"

मंजुळाबाईंनी फोन खाली ठेवला. पुसणारं कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

"ही बाई कोण? कुठल्या खात्याची?" काकासाहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कुठल्याच नाय. घरचं काम आटपून बसली आसंल. आपन तिला कधी दिसायचो नाय. तरी तिला घोर लागलाय, सात घरची मान्सं गेली कुठं. आन् तुम्ही त्यांचा पेपर वाचता रोज."

काकासाहेबांना जुने नकाशे आठवले. नोकरीत असताना धरणाखाली गेलेली गावं त्यांनी साहेबांच्या सहीनं नकाशावरून कमी केली होती. लोकांची सोय कुठं झाली, हे तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. पगार मात्र वेळेवर घेतला होता.

ते उठले. मंजुळाबाईंनी दाखवलं तशी बोटानं गल्ली पुन्हा काढली आणि सातही घरं टाकली. गल्ली जरा वाकडी आली. मग टाकीला मोटर लावली, घरातला होता-नव्हता तेवढा पाइप जोडून भिंतीवरून मागं टाकला आणि स्वतः नाल्याला वळसा घालून, पायजमा वर धरून मागच्या गल्लीत पोचले.

"कमरोद्दीनभाई, गल्ली मी पुसली."

"मालूम है," कमरोद्दीनभाई पाइपाचं तोंड पिंपात धरत म्हणाले. "ताईंनी काढली. पुसायला तुमच्या घरात दुसरं हाय कोन?"

यावर काकासाहेबांना राहवेना, आणि राहवेनासं झालं की ते भाषण करत. गल्लीतली माणसं गोळा झाली. "नागरिकहो," ते म्हणाले, "मी आजवर फुकट म्हणजे हलकं समजत होतो. फुकट म्हणजे कुणीतरी न ओळखणाऱ्या माणसासाठी आपला वेळ घातलेला असतो! असं काही मिळालं तर मान ठेवून घ्यावं, आपल्याला माहीत असेल ते त्यात घालावं आणि दुसऱ्याच्या दाराची वाट पुसू नये. ज्ञान असो की पाणी, ते अडवून मोठं होता येत नाही. ते सगळ्यांपर्यंत वाहत—"

"काकासाहेब," कमरोद्दीनभाई अदबीनं म्हणाले, "बात एकदम बरोबर. जरा पाइपावरचा पाय काढता का? पानी थांबलंय."