फोटोसाठी परत पळा

"ताई, एकदा परत या ना. फक्त पन्नास मीटर."

साधना निमकर्डेने फीत तोडून अजून अर्धं मिनिटही झालं नव्हतं. फितीचं एक टोक तिच्या खांद्यावर होतं, दुसरं पायात अडकलं होतं. पाच किलोमीटर पळून आलेल्या बाईला परत पळ म्हणणारा हा कोण शहाणा, म्हणून तिने मान वर केली. छातीवर ‘आयोजक’ असा बिल्ला, हातात माइक आणि पायात नवरदेव घालतो तशी मोजडी. हा प्रीतम. अमरावतीतल्या ज्या कोचिंग क्लासने ही बायकांची शर्यत भरवली होती, त्याचा मॅनेजर.

"परत म्हंजे?" साधना धापा टाकत म्हणाली. "आली ना मी. पयली आली."

"आलात, नाही कोण म्हणतंय? पण पाहुणे नव्हते आले."

हे खरं होतं. प्रमुख पाहुणे सहा वाजता हिरवा झेंडा दाखवणार होते. ते आठला उगवले, झेंडा हलवला आणि शर्यत सुटल्याबरोबर समोरच्या हॉटेलात गिला वडा खायला गेले. बायका पाच किलोमीटर पळून येईपर्यंत माणसाची एक प्लेट सहज होते, असा त्यांचा अंदाज असावा. तो साधनाने बिघडवला. ती चोवीस मिनिटांत परत आली तेव्हा पाहुणे वड्यावर दही मागत होते, फोटोग्राफर पाहुण्यांचा दही मागतानाचा फोटो काढत होता, आणि निकालाचा कागद पाहुण्यांच्या गाडीत होता. शेवटच्या रेषेवर होत्या फक्त फीत धरलेल्या दोन कॉलेजच्या पोरी, आणि साधनाच्या चपला हातात घेऊन उभा असलेला तिचा नवरा, खुशालराव.

"पळून टाक ना वं," खुशालराव म्हणाला. "पाच किलोमीटर पळली, पन्नास मीटरनं काय होते?"

काय होते ते साधनाला माहीत होतं. सत्तेचाळीस वर्षांत तिने जेवढ्या शर्यती पाहिल्या होत्या तेवढ्या घोड्यानेही पाहिल्या नसतील, आणि घोड्याला निदान जिंकल्यावर चंदी तरी मिळते.

शाळेत ती पोत्याच्या शर्यतीत पहिली आली होती. पोतं घरून आणलं होतं, शाळेचं नव्हतं, म्हणून बाद. अकोल्याला माहेरी हळू सायकलची शर्यत होती. त्यात जो शेवटी पोचतो तो पहिला. साधना सायकलवर एका जागी इतकी निवांत उभी राहिली, की पंच कंटाळून जेवायला गेले. जेवून आल्यावर म्हणाले, बाई अजून पोचलीच नाही, म्हणजे तिने शर्यत पूर्ण केली नाही. बाद. लग्न होऊन सासरी आली, तर तिथे सव्वीस जानेवारीची लिंबू-चमचा. सरपंचबाईंचं लिंबू तीनदा पडलं, तीनदा ग्रामपंचायतीच्या शिपायाने उचलून चमच्यात ठेवलं. पहिला नंबर सरपंचबाईंना मिळाला, दुसरा शिपायाला. तिसरी साधना.

एकदा बायकांच्या शंकरपटातही ती उतरली. सासऱ्यांची जोडी, कासरा साधनाच्या हातात. बैल असे सुटले की धुरळा खाली बसेपर्यंत लोकांना जोडी कोणती तेच कळेना. माइकवरून बैलांची नावं पुकारली, मग बैलांच्या मालकाचं, मग मालकाच्या बापाचं. फेटा सासऱ्यांना बांधला, बैलांना गूळ खाऊ घातला. साधना कासरा गुंडाळत उभी राहिली. तिला कोणी गूळसुद्धा विचारला नाही.

तरी ती पळायची थांबली नाही. बँकेचा वर्धापनदिन असो, मतदार जागृती असो, की कोण्या दवाखान्याचा हृदयदिन असो, अमरावतीत कोणी नुसती शिटी वाजवली तरी साधना रेषेवर हजर. पहाटे वावरातून मेथी-पालक तोडायची, इतवारा बाजारात नेऊन बसायची, आणि शर्यतीच्या दिवशी पाटी शेजारच्या भागीरथाबाईच्या भरवशावर टाकून पळायची. घरात एकवीस प्रमाणपत्रं जमली होती आणि एकवीसही सहभागाची. मेडलं खुशालरावाने वालाच्या वेलांवर टांगली होती. उन्हात चमकली की पोपट बिचकत. क्रीडाक्षेत्राचा निमकर्डे घराण्याला झालेला लाभ तो एवढाच.

आजची शर्यत मात्र वेगळी होती. आज जी पहिली येईल तिचं नाव पुण्याच्या मोठ्या शर्यतीत जाणार होतं. साधनाच्या मुलीने, आकांक्षाने, त्या शर्यतीचा व्हिडिओ तिला मोबाइलवर दाखवला होता. तिथे म्हणे बुटाला चिप बांधतात. रेषेवरून पाय पडला की मशीन आपलं आपण नाव लिहिते. मशीनला पाहुणा नसतो, सरपंचबाई नसते, सासरा नसतो. मशीन वडा खात नाही. साधनाने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि म्हणाली, "मले जन्मात एकदा त्या मशीनवरून जाचं हाय बाप्पा."

म्हणून ती आज अशी पळाली होती. आणि म्हणूनच आता प्रीतमशी वाद नको, म्हणून पन्नास मीटर मागे जाऊन उभी राहिली. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक माणूस बहुतेक वेळा सहकार्य करतानाच करतो.

"हळू या बरं का ताई," प्रीतम माइकवरून सांगू लागला. "चेहरा दिसला पाहिजे. हसत या. पाहुण्यांकडे बघत या."

एवढ्यात दुसरी आली. करिश्मा तिचं नाव, वय सव्वीस, याच क्लासमध्ये गणित शिकवणारी. ती रेषेपर्यंत पोचायच्या आतच प्रीतमने तिचा दंड धरून तिला साधनाच्या शेजारी उभं केलं. "तुम्हीपण पळा मॅडम. एकटी बाई पळताना बरी दिसत नाही, चुरस पाहिजे. पळा, पळा, पळा!"

पाहुणे मिशीवरचं दही पुसत आले. त्यांनी स्वतःच्या हाताने फितीला गाठ मारली आणि एक टोक धरलं. साधना निघाली. सांगितल्याप्रमाणे हळू, सांगितल्याप्रमाणे हसत, सांगितल्याप्रमाणे पाहुण्यांकडे बघत. करिश्माला कोणी हळू म्हणालंच नव्हतं. ‘पळा’ एवढंच तिच्या कानात होतं. ती जीव खाऊन पळाली आणि फीत तिच्या छातीवर तुटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अकरा फोटो निघाले. मग प्रीतमने गाडीतून कागद आणून त्यावर लिहिलं: प्रथम करिश्मा, द्वितीय साधना.

"हे काय लिवून राहिले?" साधनाचं हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं. "अवो, थे तं फोटोचं होतं ना!"

"फोटोत जे आहे तेच लिहिलंय ताई."

"मी आंधी येऊन गेलती! फीत तोडली मी! तुमी सोता म्हटलं, परत या म्हून. आल्याशिवाय कोनी परत जाते का?"

"आधी आलात याचा पुरावा काय?"

"पुरावा?" साधनाने त्या फीत धरणाऱ्या पोरींकडे बोट दाखवलं. "इचारा यायले!"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "सर, आम्हाला फीत धरायला सांगितलं होतं," त्यातली एक म्हणाली. "बघायला नव्हतं सांगितलं."

"मी पायलं ना!" खुशालराव चपला उंचावून पुढे आला. "माह्या डोयानं पायलं. चोवीस मिनिटात आली थे!"

"तुम्ही कोण?"

"नवरा."

"मग तुमची साक्ष चालत नाही."

"काहून नाई चालत? नवऱ्याले डोये नसते का?"

करिश्मा खालच्या आवाजात म्हणाली, "सर, त्या माझ्यापुढेच होत्या. पूर्ण रस्ताभर. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती."

"मॅडम," प्रीतमने माइकवर हात ठेवला, "तुम्ही पहिल्या आलात हे खुद्द पाहुण्यांनी पाहिलंय. पाहुणे खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला? उद्या बॅच आहे ना तुमची?"

करिश्माने बुटाची लेस बांधायला घेतली. ती आधीच बांधलेली होती.

"मंग असं करा," साधना म्हणाली. तिचा आवाज आता शांत झाला होता, आणि खुशालराव त्या शांततेला ओळखून असल्याने एक पाऊल मागे सरकला. "आखी शर्यत परत घ्या. पाचच्या पाच किलोमीटर. आत्ता. पावन्याईले अठी खुर्ची टाकून द्या, तोंडात घास नाई पायजे, अन् डोये उघडे पायजे. मी पळतो परत."

लोक हसले. पाहुणेही हसले. ते मनाने मोकळे होते. म्हणाले, "वा! स्पिरिट पाहिजे तर असं. या ताईंना माझ्याकडून उत्तेजनार्थ एक शाल द्या."

"शाल तुमीच पांघरा," साधना म्हणाली. "वडे खाल्ले, पोटाले वारा लागन."

बक्षीस समारंभाला तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा मांडला होता. एकवर करिश्मा हातात कप घेऊन चढली. तीनवर कोणी एक बँकेतली बाई चढली, जी खरं तर चालतच आली होती. दोन रिकामी. माइकवरून तीनदा पुकारा झाला, "द्वितीय क्रमांक, साधनाताई निमकर्डे!" साधना ठोकळ्यासमोर दहा पावलांवर हाताची घडी घालून उभी होती. ती हलली नाही. चौथा पुकारा झाला नाही, कारण फोटोग्राफरला दुपारी एका लग्नाचे फोटो काढायचे होते. "सर, बाजूला गॅप दिसतोय," तो ओरडला. प्रीतमने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग पाहुण्यांनाच हाताला धरून दोन नंबरच्या पायरीवर चढवलं. पाहुणे नीट उभे राहिले. शाल कोणाच्या तरी खांद्यावर टाकायचीच होती, ती त्यांच्याच टाकली. फोटो निघाला. बायकांच्या पाच किलोमीटर शर्यतीत ते दुसरे आले होते.

"चाल वं," खुशालराव हळूच म्हणाला. त्याने वाकून चपला तिच्या पायांपाशी ठेवल्या. एवढ्या लोकांत त्याने असं कधी केलं नव्हतं. "मी गाडी काहाडतो. लय मागं लावली हाय. तू चौकापासी ये."

साधनाने बूट काढून हातात घेतले, चपला घातल्या आणि निघाली. इतवाऱ्यात भागीरथाबाई एकटी दोन पाट्या सांभाळत असेल. ऊन चढलं म्हणजे मेथी माना टाकते. रस्ता एव्हाना वाहतुकीला मोकळा झाला होता, ऑटोवाले कोकलत होते. ती कडेकडेने चालू लागली.

थोड्या वेळाने मागून पावलं वाजली. पळणारी, बुटांतली पावलं.

"काकू! ओ काकू, थांबा ना!"

आवाज करिश्माचा होता. साधनाने वळून पाहिलं नाही.

"काकू, हा कप तुमचा आहे! घेऊन जा ना! मी लिहून देते त्यांना, पुण्याला तुमचंच नाव... काकू!"

साधनाने ऐकलं. सगळं ऐकलं. नुसतं थांबली असती तरी पुरे होतं, बाकी काही करायचं नव्हतं. पावलं जवळ आली, अगदी पाठीशी आली असं वाटलं. मग तिच्या ढांगा जरा लांब पडू लागल्या. मग आणखी लांब. चपला फटफट वाजत होत्या. मागची पावलं अर्धा रस्ता सोबत राहिली, मग विरळ झाली, मग ऑटोच्या आवाजात बुडाली.

चौकात पोचल्यावर तिने एकदा मागे पाहिलं. करिश्मा पार मागे, एका औषधाच्या दुकानापाशी थांबली होती. कप फुटपाथवर ठेवलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली.

आणि साधना तर चालत आली होती.