वाफेच्या टाकीला लावलेला कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. डोके नाही, चेहरा नाही. नुसता अंगठ्याएवढा धातूचा कान, आणि पोटात चिनी मातीसारखी एक चकती. पोलादाच्या आत चीर केसभर जरी पुढे सरकली, तरी पोलाद बारीक ओरडते. तो आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. माझ्या चकतीला तो कळतो, त्याची वीज होते आणि ती तारेतून यंत्रात जाते. एवढेच माझे काम. या कामात मी माणसे पाहिली ती अशी, की अजून आठवली तरी शिसारी येते.

माझा जन्म एका थंड देशातल्या लखलखीत कारखान्यात झाला. तेवढेच काय ते स्वच्छतेचे सुख. तिथून मी सुमात्राच्या मारुलाक नावाच्या तपासनिसाच्या पेटीत आलो आणि बारा वर्षे त्याच्याबरोबर पामतेलाच्या गिरण्या फिरलो. दर वेळी माझ्या तोंडाला ग्रीस फासायचे, कारण त्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही. मग मला पोलादावर चिकटवून मारुलाक माझ्याशेजारी पेन्सिलचे टोक कट्‌कन मोडायचा. तो आवाज मी पकडला की म्हणायचा, "शाबास रे म्हाताऱ्या!" त्या शाबासकीवर मी कुजक्या फळांचा वासही सहन केला.

एकदा आम्ही बापाक हेंदार्तोच्या गिरणीत गेलो. हा तिथला मॅनेजर, म्हणून सगळे त्याला बापाक, म्हणजे साहेब, म्हणत. बोलणे साखरेत घोळलेले, आणि पोटात काय ते मी सांगतोच. तिथे दोन बसगाड्या मावतील एवढी एक आडवी टाकी होती. तिच्यात फळांचे घड वाफेवर शिजत. टाकीच्या तोंडाला जाड गोल दार, आणि ते लावायचे, उघडायचे काम वाक पाइनेमचे. वयाने मोठी म्हणून सगळे तिला वाक म्हणत. एकोणीस वर्षे ती त्या दारासमोर उभी होती.

शनिवारी मारुलाकने आम्हा बारा कानांना टाकीवर बसवले. तारा सोमवारी जोडू म्हणाला आणि गेला. रविवारी गिरणी बंद असते. तरी हेंदार्तो एका फिटरला घेऊन आला आणि त्याने टाकीत वाफ सोडायला लावली. जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपेला त्यांनी तार आवळून बांधली.

फिटर म्हणाला, "बापाक, दाबाचा काटा लाल रेघेच्या पार जाईल हो."

"जाऊ दे की! उद्या तो तपासनीस याच्यापेक्षा कमीच दाब देणार. पोलादाचं एक बरं असतं, एका दाबाला एकदा बोंबललं की तेवढ्याला पुन्हा तोंड उघडत नाही. काय रडायचंय ते आजच रडून घेऊ दे."

"पण वाक तिकडे दारापाशी झाडतेय."

"झाडू दे. हटवलंस तर प्रश्न विचारत बसेल."

आणि दोघे लांब फाटकापाशी जाऊन उभे राहिले. म्हणजे धोका त्याला चांगला कळत होता! दाराच्या कड्याचा सांधा असा ओरडला, की माझी चकती थरथरली. वाक खाली वाकून सांडलेली फळे गोळा करत होती. मी सगळे ऐकले, पण मला तार नव्हती. मी सांगणार कुणाला? त्या माणसाची किळस मला त्या दिवशी आली ती कायमची.

सोमवारी मारुलाकने तारा जोडल्या, सगळ्यांना लांब केले आणि दाब चढवला. पोलाद गप्प. यंत्राच्या पडद्यावर एक टिंब नाही.

हेंदार्तो हसला आणि लाडीगोडीने मारुलाकला बांग, म्हणजे दादा, म्हणाला. "बघा बांग, बाळासारखी झोपलीय आमची टाकी. द्या सही, की मग आपण जेवू."

मारुलाक म्हणाला, "आधी जेवू, मग सही." दाब उतरवून तो टाकीच्या सावलीत भात, सुका मासा आणि मिरचीचे सांबल घेऊन बसला. वाक शेजारीच जेवत होती.

"काय रे पोरा, तुला एवढा वेळ का लागतो? काल बापाकनी कसं झटक्यात उरकलं! झडपेला तार बांधून ही वाफ सोडली! माझ्या झाडूचे केस उभे राहिले."

मारुलाकचा घास हातातच राहिला. तो उठला, सगळ्यांना लांब करून पुन्हा दाब चढवला आणि अर्धा तास तसाच धरून ठेवला. धड पोलाद अशा वेळी गप्प बसते. आतून तुटत चाललेले पोलाद मात्र कण्हत राहते. ते कण्हणे मी ऐकले, माझ्या शेजारच्या दोघांनीही ऐकले. वाफ सोडून, रंग खरवडून पाहिले, तर दाराच्या कड्याशी वीतभर चीर. मारुलाकने तिच्यावर लाल खडूने रेघ मारली आणि कागदावर लिहिले, 'टाकी बंद करा.'

हेंदार्तो म्हणाला, "ठेवा तुमचा कागद तुमच्यापाशी. दुसरा तपासनीस परवा येईल आणि हसत सही देईल. वाक, घड आत घे. दार लाव."

वाक तोंड पुसत उठली. "लावते की. पण एकोणीस वर्षं मीच मिरवले इथं. आज हा मान बापाकना. या, माझ्या जागेवर या. काटा वर जाईस्तोवर नुसतं उभं राहायचं. तुम्ही राहिलात, तर मी उद्यापासून बिनतक्रार राहीन."

सगळी गिरणी बघत होती. हेंदार्तो दोन पावले पुढे आला. खडूच्या त्या लाल रेघेकडे पाहून त्याने मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाला, "मला एक महत्त्वाचा फोन करायचाय," आणि ऑफिसात जाऊन त्याने दार लावून घेतले.

त्या दिवशी टाकीचे दार कुणीच लावले नाही. अंगणातले घड तीन दिवस सडत पडले. चौथ्या दिवशी मालकाची माणसे आली आणि त्यांनी टाकी कापायला घेतली. हेंदार्तोची बदली दुसऱ्या गिरणीत झाली. तिथेही टाक्या आहेत, आणि त्यांच्या दारांशी कोणीतरी उभे असेलच.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणी तुम्हाला 'काही धोका नाही' असा कागद दाखवला, तर तो वाचत बसू नका. दाखवणाऱ्याला म्हणा, "या, आधी तुम्ही इथं उभे राहा."