गप्प केलेला इशारा

संगणकाच्या पडद्यावर एखादी सूचना आली की आपण काय करतो? खरं सांगा! वाचतो का? छे. 'ठीक आहे'वर बोट दाबतो आणि पुढे जातो. काम अडलं नाही ना, मग झालं! आपण बहुतेक जण असेच. पण ज्याच्या कामावर दवाखान्यातल्या माणसांचे जीव टांगलेले आहेत, त्यानेही असंच केलं तर?

त्याला ऑफिसात सगळे उस्ताद म्हणत. दवाखान्यात खाटेशेजारी ठेवलेला मॉनिटर आपण पाहिलेला असतो. तो नाडीचे ठोके दाखवतो आणि ते धोक्याच्या हद्दीखाली गेले की ठणाणा ओरडतो. उस्तादची कंपनी हे मॉनिटर बनवायची. मॉनिटरच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर चालतात. मेमरीतली कुठली जागा कुणाची, हे तोच सांभाळतो. तिथे चूक झाली तर वरच्या कुणाला पत्ताही लागत नाही. हा कर्नल उस्तादची टीम लिहायची.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचं काम कंपायलरचं. उघड चूक दिसली तर तो काम थांबवतो; नुसता संशय आला तर इशारा देतो आणि पुढे जातो. उस्तादच्या ऑफिसात पिवळ्या अक्षरांतले असे इशारे इतके यायचे की पडदा पिवळाधमक व्हायचा. शेवटी एक दिवस वैतागून त्याने एक ओळ लिहिली आणि सगळे इशारे बंद करून टाकले. पडदा एकदम स्वच्छ! टीमने टाळ्या वाजवल्या.

टाळी वाजवली नाही ती एकट्या चाळणबाईने. ती टीममधली सगळ्यात ज्येष्ठ इंजिनियर. दुसऱ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ चाळून घेतल्याशिवाय पुढे सोडायची नाही, म्हणून हे नाव पडलेलं. तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

"त्यातला एक इशारा खरा आहे," ती उस्तादच्या टेबलाशी येऊन म्हणाली. "रुग्णाचं नाव साठवतोस तिथला. जागा ठरावीक, आणि येणारं नाव केवढं आहे हे तू मोजतच नाहीस. लांब नाव आलं तर?"

"बाई, एवढं लांब नाव असतं तरी कुणाचं?"

"अरे, वरच्याने नळ उघडा टाकला तर छत कुणाचं गळतं? खालच्याचं! नाव सांडलं तर शेजारी कोण भिजणार, ते तरी बघ."

"बघू नंतर. मॉनिटर चालतोय ना?"

मॉनिटर चालत होता. त्यामुळे ते 'नंतर' कधी उगवलंच नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी उस्ताद घरी आला, तर बायको दारालगतच्या स्टुलावर बसलेली. पायातले बूटही काढले नव्हते. ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हृदयविभागाची सिस्टर होती; तिथेही उस्तादच्या कंपनीचेच मॉनिटर होते. उस्तादची आई पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभी होती.

"अगं, दोन घोट तरी घे," आई म्हणत होती.

"काय झालं?" उस्तादने विचारलं.

"आमच्या वॉर्डातल्या एक बाई मरता मरता वाचल्या." बायको म्हणाली. "गाण्याच्या शिक्षिका आहेत. मी उशी सारखी करायला गेले, तर हात गार लागला. वर बघते तर नाडीचा आकडा घसरत चाललेला... आणि मॉनिटर गप्प! एक आवाज नाही. मी आरडाओरडा केला तेव्हा डॉक्टर धावले."

"वाचल्या ना पण?"

"वाचल्या. आता म्हणतात, अलार्म मीच बंद केला होता. कटकट नको म्हणून सिस्टर बंद करून ठेवतात म्हणे. उद्या चौकशी आहे. मी हात लावला नव्हता रे!"

"अगं, पण यंत्र आपणहून गप्प कसं बसेल?" उस्ताद म्हणून गेला. "गडबडीत तुझाच हात लागला असेल बटणाला."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"वा रे वा!" आई कडाडली. "यंत्राची बाजू घेतोस? लग्न त्याच्याशी लावलंय का तुझं?"

उस्ताद ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पडद्यावर वेगळं काही दिसत होतं?"

"काही नाही. नाव तेवढं तुटलेलं दिसत होतं. बाईंचं नावच केवढं! स्वतःचं, नवऱ्याचं, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. शेवटची अक्षरं मावतच नव्हती."

उस्तादला चाळणबाईने सांगितलेला तो इशारा आठवला.

सांगावं तर खात्री नव्हती, न सांगावं तर समोर बायको रडत होती. आणि तो गप्प बसला.

सकाळी ऑफिस उघडताच तो चाचणीच्या खोलीत शिरला. चाळणबाईला त्यानेच बोलावून घेतलं. तिथे एक मॉनिटर होता आणि त्याला जोडलेली, खोटी नाडी देणारी एक पेटी. चाळणबाईने शेजारच्या संगणकावर मॉनिटरची मेमरी उघडली. उस्तादने एक लांबलचक नाव टाइप केलं.

"थांब," चाळणबाई पुटपुटली. तिने चष्मा सावरला. "नावाच्या शेजारी कोण राहतंय, बघितलंस? अलार्मची हद्द. नाडी किती खाली गेली की ओरडायचं, तो आकडा. तुझ्या नावाची शेपटी त्याच्यावर सांडली आहे. आता तिथे शून्याच्याही खालचा काहीतरी आकडा झालाय."

"पण पडद्यावर तर हद्द बरोबर दिसतेय!"

"पडद्यावरची वेगळी साठवलेली असते. आतली, खरी, पुसली गेली."

उस्तादने पेटीवरची नाडी कमी करायला घेतली. साठ. पन्नास. इथे ओरडायला हवं होतं. चाळीस. तीस. मॉनिटरचा पडदा हिरवागार, शांत. वीस. "ओरड ना," तो दातओठ खात म्हणाला, "ओरड!" शून्य. पडद्यावर सरळ रेष आली. मॉनिटर गप्पच राहिला.

दोघं तशीच धावत साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं.

"पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करून टाकू. बोभाटा झाला तर कंपनी बसेल. कितीतरी घरं चालतात हिच्यावर, उस्ताद. तुझंही."

"आणि माझी बायको?"

"फार तर समज देतील तिला. अनुभवी सिस्टरला कामाची काय कमी?"

उस्तादने मान खाली घातली. घराचे हप्ते, आईची औषधं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला साहेबांचं पटलं!

"साहेब," चाळणबाई म्हणाली, "अपडेट सगळीकडे पोचायला महिने जातात. या घटकेला कुठल्यातरी खाटेवर लांब नावाचं माणूस निजलंय. शेजारी त्याच्या घरचं कुणीतरी बसलंय आणि मनाशी म्हणतंय, आवाज नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. त्याला कोण सांगणार?"

"उगाच घाबरवू नका, बाई."

"घाबरायलाच हवं! घाबरायच्या वेळी घाबरलो असतो तर आज ही पाळी आली नसती. कंपायलर बिचारा जीव तोडून सांगत होता. आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबला. आता तोच बोळा तुम्ही आमच्या तोंडात कोंबताय."

उस्ताद ताडकन उठला. "मी दवाखान्यात चाललो," तो म्हणाला. साहेब काय म्हणाले, ते त्याने ऐकलं नाही.

चौकशीच्या खोलीकडे जाताना हृदयविभाग ओलांडावा लागे. दोन्ही बाजूंना खाटा आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी त्याच्या कंपनीचा मॉनिटर. कालपर्यंत ही शांतता त्याला अभिमानाची वाटली असती. आज अंगावर काटा आला. यातला कोणता मॉनिटर सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे, आणि कोणता मुका झालाय म्हणून? बाहेरून दोन्ही सारखेच! कुणी पुस्तक वाचत होतं, कुणी लेकीशी गप्पा मारत होतं. उस्तादला ओरडावंसं वाटत होतं, पण तो चौकशीच्या खोलीकडे झपाझप चालत राहिला.

तो दार ढकलून आत गेला. मुख्य डॉक्टर आणि मेट्रन टेबलामागे बसले होते. समोर बायको, हात मांडीवर घट्ट धरून.

"हिने अलार्म बंद केलेला नाही!" उस्ताद म्हणाला. "आम्ही केला. मी केला. नाव लांब असलं की आमचा मॉनिटर मुका होतो. त्याचा इशारा मला मिळाला होता, आणि मी तो बंद करून टाकला."

तो आता बायको सुटकेचा श्वास सोडेल म्हणून बघत होता. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे बाकीच्या खाटा?" एवढंच म्हणून ती धावत सुटली.

ती पुढे, उस्ताद मागे. नाडी मोजणारा बोटावरचा चिमटा काढला की आकडा पडतो आणि मॉनिटर ओरडायला हवा. एका खाटेशी ओरडला. दुसऱ्या खाटेशी ओरडला. रुग्ण दचकून उठून बसायला लागले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण माणूस झोपला होता. शेजारी त्याची बहीण. बायकोने चिमटा काढला. आकडा शून्यावर आला.

काही नाही. एक आवाज नाही.

"काही बिघडलंय का, सिस्टर?" बहिणीने विचारलं. "पण आवाज तर येत नाहीये."

बायकोने त्या माणसाची नाडी बोटांनी धरली, ठोके मोजले आणि मगच बहिणीला म्हणाली, "तुमचा भाऊ ठीक आहे. आम्ही यंत्र बदलतोय."

त्याच दिवशी मुख्य डॉक्टरांनी सगळ्या दवाखान्यांना कळवलं. कंपनीलाही मग कळवावंच लागलं: दुरुस्ती येईपर्यंत नाव थोडक्यात भरा, खाटेजवळ माणूस ठेवा. फोन खणखणू लागले. आमच्याकडेही एक मुका सापडला. आमच्याकडेही! ते मॉनिटर वेळेवर सापडले. पण त्याआधी? एखादा जीव अशाच शांततेत निघून गेला का, आणि घरच्यांनी 'झोपेतच गेले' म्हणून डोळे पुसले का? याचं उत्तर उस्तादला कधीच मिळणार नव्हतं. तो प्रश्न त्याच्या छातीवर बसला, तो बसलाच.

कंपनी बसली नाही, पण हादरली. उस्तादची बढती गेली. त्याने इशारे पुन्हा चालू केले आणि चाळणबाईच्या शेजारी बसून एकेक ओळ तपासली. आता त्यांच्याकडे एकही इशारा आला तरी काम पुढे सरकत नाही. आणि कर्नल कुठलीही गोष्ट साठवण्याआधी ती जागेत मावते का, हे मोजतो. टीम कुरकुरते. उस्ताद त्यांना त्या बहिणीबद्दल सांगतो, मग कुणी कुरकुरत नाही.

घरी त्याने बायकोची माफी मागितली. ती लगेच विरघळली नाही.

"मी सांगत होते ना, हात लावला नाही म्हणून?" ती म्हणाली. "तुला यंत्र खरं वाटलं, मी खोटी."

तो नुसता ऐकत राहिला, आणि त्या दिवशी तिला तेवढंच हवं होतं.

मित्रहो, इशारा देणारा कधी संगणक असतो, कधी ऑफिसातली एखादी खडूस बाई, कधी घरचं माणूस. त्याचा कंटाळा येतो, राग येतो, हे अगदी खरं. पण त्याचं तोंड बंद केल्याने धोका टळत नाही. धोका आहे तिथेच असतो. आपल्याला तो ऐकू येईनासा होतो, इतकंच!