पट्ट्याची दोन भोकं

बस, चहा घे, गौलीगुड्याच्या मनोहररावांची गोष्ट सांगतो. डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला त्यांच्या पोटरीत असा गोळा यायचा, की एक दिवस ते म्हणाले, "काढा सुया. मरेन, पण आता हे नक्को."

पोटरी चोळता चोळता सिस्टर कृष्णवेणी थबकली. "काका, पट्टा सैल केलात?"

"दोन भोकं. बायको जेवू घालते ना."

"म्हणजे अंग भरलंय तुमचं. अन् मशीन जुन्याच वजनापर्यंत पाणी ओढतंय, जास्तीचं पाणी गेलं की गोळा येतो."

डॉक्टरांनी तपासून, मशीननं जिथवर पाणी ओढायचं ते ठरलेलं वजन किलोभर वाढवलं. पुढच्या खेपेला चौथ्या तासाला मनोहरराव घोरत होते.

तुझे काकाबी पोटरीतल्या गोळ्यापायी डायलिसिसवरनं अर्ध्यातून उठतात म्हणतोस. उद्या त्यांचा पट्टा तेवढा सिस्टरला दाखव, बाबा.