धोट्यावरची दाताची खाच

मित्रांनो, या खिडकीशी या आणि माझ्या कुशीवरून हळूच बोट फिरवा. उचलू मात्र नका. लागली ना खाच? उंदरानं कुरतडलंय असं जो म्हणेल तो माझा अपमान करील आणि उंदराचाही. ती खाच दाताची आहे, तीसुद्धा चिनीमातीच्या दाताची. मागावर आडवं सूत वाहून नेणारा असा जुना धोटा साऱ्या अमेरिकेत एकच आहे आणि तो मी.

माझं लाकूड दक्षिणेकडच्या डोंगरातलं. आमच्या झाडावर एकदा मधासाठी अस्वल चढलं आणि धपकन पडलं. फांदीला ओरखडा नाही, अस्वलाला मात्र हाडवैद्य शोधावा लागला. खोटं वाटत असेल तर अस्वलाला विचारा. असलं ते लाकूड कापून, वाळवून, तेलात मुरवून कारागिरांनी मला होडीसारखा घडवला. पोटात सुताची कांडी बसायला पोकळी ठेवली, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या चढवल्या आणि सूत बाहेर यायला कुशीत चिनीमातीचा एक बारीक डोळा बसवला. त्या डोळ्यानं मी जे पाहिलं ते दोन डोळेवाल्यांनीही पाहिलं नसेल.

मग आगगाडीनं मी उत्तरेत आलो, मेरिमॅक नदीकाठच्या एका कापड गिरणीत. उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती. जिकडेतिकडे धुरांडी उगवत होती आणि शेतं सोडून माणसं धुरांड्यांच्या सावलीला येत होती. नदी चाकं फिरवी, चाकं पट्टे फिरवीत, पट्टे माग चालवीत. लोक म्हणत, गिरणी नदीच्या जोरावर चालते. नदीचं काय हो, ती गिरणी नव्हती तेव्हाही वाहतच होती! गिरणी चालत होती माझ्या जोरावर. उभ्या धाग्यांच्या मधून मी असा सुटायचो की पापणी लवायच्या आत या टोकाचा त्या टोकाला. एकदा माझ्या वाऱ्यानं शेजारच्या मागावरचं सूत वाळलं होतं.

मी डेलिमा थिबोडोच्या हाताखाली होतो. खरं तर तीच माझ्या हाताखाली होती, पण मुलीचं मन कशाला मोडा? ही डेलिमा कॅनडातून आईबरोबर आलेली, फ्रेंच बोलणारी, काटक पोर. आई याच गिरणीच्या गोंगाटानं ठार बहिरी झालेली. दोघी गिरणीच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहायच्या. गिरणीतली नोकरी असेल तोवर खोली, असा तिथला नियम.

कांडी संपली की डेलिमा नवी बसवी. मग माझ्या डोळ्याला ओठ लावून जोरात श्वास ओढी, की सूत टुपकन तिच्या जिभेवर. याला सगळे धोट्याचा मुका म्हणत. सुताबरोबर तेल जाई, कापसाची धूळ जाई आणि आधी ओठ लावलेल्या बाईचा खोकलाही जाई. जुन्या विणकरणींचे पुढचे दात या मुक्यापायीच पडत. त्यातून कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. सगळा दिवस त्या दमट वाफेत खोकत काढायचा.

गोंगाट इतका की ओरडून उपयोग नाही. तिथली माणसं ओठ हलवून बोलत आणि ओठ पाहून ऐकत. मागांच्या खोलीच्या या टोकाची चहाडी त्या टोकाला बिनआवाजाची पोचायची. यात सगळ्यांत तरबेज होती होनोरा टिअर्नी, आयर्लंडहून आलेली विधवा. पुढचे दात तिचे केव्हाच गेले होते, पण जीभ शाबूत होती.

एका सोमवारी मुकादम एनॉक क्लेग खोलीत आला. हा इंग्लंडच्या लँकेशायरचा. पूर्वी स्वतः विणकर होता, होनोराच्या शेजारचे माग चालवायचा. मुकादम झाल्यावर त्यानं गोल टोपी घेतली, घड्याळाची साखळी घेतली आणि नुकतीच बॉस्टनहून चिनीमातीच्या दातांची कवळी आणली होती. हसला की तबेल्यातल्या घोड्यांना हेवा वाटे.

त्यानं सगळे माग थांबवून सांगितलं, "आजपासून माणशी चार नाही, सहा माग. शनिवारपर्यंत ज्याला जमणार नाही त्यानं जागा सोडायची. चाळीतली खोलीसुद्धा."

"साहेब, मला दोनच हात आहेत," डेलिमा म्हणाली.

"आणि तोंड मात्र चार बायकांचं आहे! कामाला लाग."

त्या आठवड्यात डेलिमा सहा मागांमधून नुसती पळत होती. एकीकडे सूत जोडावं तर दुसरीकडे तुटलेलं. कापडात भोकं पडली, तिचा पगार कापला गेला. घरी गेली की वाटाण्याचं सूप समोर ठेवून ती बसल्या जागी झोपायची. आई तिच्या ओठांकडे बघत राहायची, पण ओठ हलायचेच नाहीत. जागा गेली तर बहिऱ्या म्हातारीला घेऊन ही पोर हिवाळ्यात जाणार होती कुठं?

शनिवारी तिचे दोन माग एकदम थांबले आणि क्लेग येऊन उभा राहिला.

"झालं? मी तुझ्या वयाचा असताना असले सहा माग शीळ घालत चालवले असते!"

पलीकडून होनोरानं त्याचे ओठ वाचले. तिनं आपले माग थांबवले. शेजारणीनं तिचे थांबवले. बघता बघता सगळी खोली गप्प झाली.

"अरे एनॉक," होनोरा मोठ्यानं म्हणाली, "मग घाल की शीळ! आम्हालाही ऐकू दे."

"मी मुकादम आहे, होनोरा. एकेरी बोलायचं नाही."

"बरं, एनॉकसाहेब. चालवून दाखवता, की बॉस्टनच्या दातांना धूळ लागेल?"

चहूकडून खसखस पिकली. क्लेगचे कान लाल झाले. त्यानं कोट काढला, टोपी मात्र ठेवली आणि डेलिमाला बाजूला सारलं. खरं सांगतो मित्रांनो, हात अजून विणकराचाच होता. त्यानं एकेक माग सुरू केला, सुतं जोडली, पावलं बरोबर टाकली. थोडा वेळ मलाही वाटलं, पोरीचं काही खरं नाही.

मग माझी कांडी संपली.

त्यानं नवी कांडी बसवली, मला तोंडापाशी नेलं आणि थबकला. सगळ्या बायका बघत होत्या. मागे हटला असता तर हसं झालं असतं. त्यानं डोळे मिटले आणि पूर्वीच्या दमानं श्वास ओढला.

सूत आलं, आणि सुतावर वरची कवळीच चालून आली! खण्ण! माझ्या लाकडात दात रुतला. इकडे त्याचा हात जुन्या सवयीचा. डोकं विचार करायच्या आत हातानं मला मागात सारलं आणि कळ ओढली. कवळी पाठीवर घेऊन मी निघालो. असा स्वार मी आजवर नेला नव्हता. अर्ध्या वाटेत दात उभ्या धाग्यांत अडकले, मागानं मला फेकून दिलं. मी उडालो, क्लेगची टोपी घेतली, टोपीसकट खोलीला तीन फेऱ्या घातल्या (होनोरा एकच म्हणायची, पण तिचं वय झालं होतं) आणि खिळे ठोकलेल्या खिडकीची काच फोडून चौकटीत जाऊन रुतलो. तेवढ्यात उरलेले पाचही माग एकामागून एक बंद पडले.

खोली हसून हसून लोळली. हसली नाही फक्त डेलिमा. तिनं धाग्यांतून कवळी सोडवली, ॲप्रनला पुसली आणि पाठमोऱ्या क्लेगपुढे धरली.

"घ्या. काही तुटलं नाही."

तो वळला. ओठ आत गेलेले, गाल बसलेले. होनोरा पुढे आली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं आपलं तोंड उघडून बोळक्या हिरड्या त्याला दाखवल्या.

"लाजतोस काय रे एनॉक? तुझे आणि माझे एकाच ठिकाणी गेलेत."

क्लेगनं कवळी तोंडात घातली नाही, खिशात टाकली. टोपीसुद्धा उचलली नाही. तसाच तो जिना उतरून मोठ्या साहेबाच्या कचेरीत गेला. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही, म्हणूनच अगदी खात्रीनं सांगतो: तो म्हणाला, "या खोलीतला सगळ्यांत चांगला विणकर सहा माग चालवू शकला नाही. तो विणकर मी."

वर माग पुन्हा सुरू झाले होते. डेलिमा सुकलेल्या तोंडानं दाराकडे बघत होती. क्लेग दारात आला, काहीतरी बोलला. पण बिनदातांचे ते ओठ कोणालाच वाचता येईनात, होनोरालाही नाही. त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी कंटाळून त्यानं हात वर केला.

चार बोटं.

होनोरानं डेलिमाला मिठी मारली ती इतकी घट्ट, की सुटायला दोघींना दुपारचा भोंगा लागला.

त्या फुटक्या काचेतून आठवडाभर नदीची हवा आत येत होती. सूत जरा जास्त तुटलं, पण खोली कमी खोकली. त्यानंतर आमच्या खोलीत क्लेग कधी कवळी घालून आला नाही. आणि धोटा हातात घेणारा प्रत्येक जण आधी माझी खाच बघायला मागायचा. एवढा मान नदीलाही कोणी दिला नव्हता.

पुढे मुका घ्यायला कायद्यानं बंदी आली. हातानं सूत ओवायचे नवे धोटे आले आणि आम्हा जुन्यांना पेटीत भरून बंबाच्या आगीसाठी काढलं. डेलिमानं मला ॲप्रनखाली लपवून घरी आणलं. काही वर्षं मी फडताळात धूळ खात पडलो. कोणी खलातला बत्ता समजलं, कोणी कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्यानं एकदाच चावून पाहिलं आणि माझी माफी मागितली.

आता डेलिमा म्हातारी झाली आहे. इतक्या वर्षांचा कापूस तिच्या छातीत बसलाय, श्वास शिट्टीसारखा वाजतो. या खिडकीची वर सरकणारी काच ढिली आहे, आपोआप खाली येते. म्हणून तिनं मला इथं उभा लावलाय. बाहेरची हवा माझ्या अंगावरून तिच्या उशीपर्यंत जाते. एवढी मोठी नोकरी मला गिरणीनंही दिली नव्हती.

तेव्हा मित्रांनो, खाच हवी तेवढी बघा. तुमच्या अंगावरचं कापड कोणाच्या श्वासानं विणलंय तेही कधी घरी विचारा. फक्त मला काढून हातात घेऊ नका. मी हललो तर काच खाली येईल, आणि डेलिमाला आत्ताच कुठं झोप लागली आहे.