फाटक्या कानाची हत्तीण

आमच्या घरात जावई पारखायची एकच रीत आहे. त्याला सासूबाईंच्या शेजारी बसवायचं आणि टीव्हीवर हत्तींचा माहितीपट लावायचा.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा टीव्ही नव्हता, म्हणून मला लाकडं फोडायला लावली होती. आम्हा दाई जमातीच्या लोकांत मुलगी सासरी जात नाही, नवरा तिच्या घरी राहायला येतो. त्यामुळे पारख कडक. सासूबाईंना सगळं गाव मीताव म्हणतं, म्हणजे आजी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं शेत सुटलं, आणि रोज संध्याकाळी जेवण झालं की त्या मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसून हत्ती बघतात. आफ्रिकेचे, लंकेचे, आमच्याच डोंगरातले. एकच माहितीपट दहादा बघतात, आणि दहाव्यांदाही पिल्लू धडपडून उभं राहिलं की लहान पोरीसारख्या टाळ्या पिटतात.

"आपल्यासारखंच आहे त्यांचं," त्या म्हणतात. "बाया घर धरून, आणि गडी वयात आले की बाहेर."

माझी नोकरी खऱ्या हत्तींवर नजर ठेवायची. दिवसभर ड्रोन उडवायचा आणि कळप कुठल्या मक्यात शिरलाय ते गावांना कळवायचं. तेव्हा हत्तींच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, अशी माझी समजूत होती.

माझ्या लेकीला, युकानला, कुनमिंगच्या सोंगलिनशी लग्न करायचं होतं. पोरगा शहरातला, आमच्या जमातीबाहेरचा हान, कुठल्याशा स्टुडिओत चित्रफिती जोडणारा. मीतावनी दोघांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधल्याशिवाय लग्न होणार नव्हतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर युकाननं ऐकलं असतं, पण पुन्हा मनापासून हसली नसती. बापाला कळतं ते. म्हणून मी पोराला जिन्याखालीच गाठलं.

"हे बघ, आजी जे म्हणेल त्याला हो म्हणायचं."

"पण काका, चुकीचं म्हणाल्या तर?"

"तर दोनदा हो म्हणायचं. मी सत्तावीस वर्षं तेच करतोय. अजून घरात आहे की नाही?"

जेवणं झाली. गवती चहात भाजलेल्या माशाचे काटे मांजरीला गेले आणि माहितीपट सुरू झाला. मीतावचा सगळ्यात लाडका, चिखलात रुतलेल्या पिल्लाचा. पहिलं चित्र दिसलं आणि सोंगलिनचा चेहरा उतरला. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

मोड्याशेजारच्या माझ्या चटईवर मी ऐसपैस बसलो होतो. पोरगा दाराशी अवघडून बसला होता.

"तो सुळेवाला बघ," मीताव सहज म्हणाल्या. "तोच कळपाचा म्होरक्या. काय रे?"

"हो, आजी."

"बाकीच्या बाया त्याच्या मागं मागं."

"हो, हो."

दोनदा म्हणाला. युकाननं डोळे मिटून घेतले. कळप थोरली हत्तीण चालवते, हे आमच्या घरात मांजरीलाही ठाऊक आहे.

मीतावनी चहाचा घोट घेतला. "नुसती मान हलवणारा एक जावई आहे आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दुसरा काय करायचाय?"

माझी बायको पदर नसताना पदर लावल्यासारखा तोंडावर हात धरून हसली. मी टीव्हीकडे बघत राहिलो.

पडद्यावर पिल्लू रुतलं. थोरली मागं फिरली, सोंड लावली, आणि पिल्लू बाहेर. मीतावनी टाळ्या पिटल्या आणि लगेच बोट रोखलं.

"ही ती नव्हे. मागं फिरली तिचा डावा कान फाटका होता. ओढणारीचा कान बघा, अख्खा आहे."

वर्षभर हेच चाललं होतं. "मीताव, सावली आहे ती," मी नेहमीचं उत्तर दिलं. "रोज हत्ती बघतो मी. एकच आहे ती."

"तू ढगातून पाठी बघतोस त्यांच्या. कान मी बघते." त्या पोराकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

सोंगलिननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे काकांच्या बाजूनं बोल, विषय मिटव. त्यानं युकानकडे बघितलं. मग गुडघे जुळवून सरळ बसला.

"मीतावचं बरोबर आहे. हत्तिणी दोन आहेत. हे मीच जोडलंय."

त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"सोडवलं फाटक्या कानाच्या हत्तिणीनंच. पण पाऊस होता, चित्र धूसर आलं. मग मी दुसऱ्या कळपाचं स्वच्छ चित्र तिथं लावलं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. आणि मघाशी मी खोटं हो म्हणालो. म्होरकी थोरलीच असते."

मी मनात म्हटलं, गेला. अन् लेकीचं हसूही गेलं.

"ते धूसर आहे तुझ्याकडे?" मीतावनी विचारलं.

त्यानं मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला. मीतावनी टीव्हीचा आवाज स्वतः बंद केला, जे मी आजवर पाहिलं नव्हतं. अकरा मिनिटं पाऊस, चिखल, आणि एक म्हातारी हत्तीण. ती दोनदा घसरून बसली. तिसऱ्यांदा तिनं पुढचे गुडघे टेकले आणि पिल्लाला छातीनं रेटत वर आणलं. फाटका कान कपाळाला चिकटला होता. मीतावच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या टाळ्या वाजवत होत्या.

"एवढं सोनं टाकून दिलंस, गाढवा?"

"चुकलो, मीताव."

"जोडायचं काम इथं बसून जमेल?"

"संगणक आणला की कुठंही जमेल. इथं हत्ती पण जवळ."

"युकान, दोरा आण."

त्यांनी दोघांची मनगटं ओढून घेतली आणि दोऱ्याचे तीन तीन वेढे दिले. युकान रडत हसत होती. मीही दोघांच्या शेजारी माझ्या जागेवर डोळे पुसत बसलो होतो. तेवढ्यात मीतावनी मला कोपरानं ढोसलं.

"तू ऊठ रे तिथून. कान बघणारा बसू दे."

मी हो म्हणालो आणि दाराशी जाऊन बसलो.