दक्षिणेचा निळा

आश्विनातलं ऊन त्या दिवशी स्वच्छ होतं. स्वच्छ आणि निर्दय. गिरणीच्या दारातून ते तिरपं आत आलं होतं, उडणाऱ्या पिठाचा कण न् कण उजळत होतं. त्या उजेडात देवस्थळी येऊन उभा राहिला. माझ्या बायकोच्या, मृणालच्या हाताखालचा शास्त्रज्ञ.

"काका, गिरणी बंद करा. आधी बसा."

उभ्या माणसाला असं बसायला सांगितलं की पुढचं ऐकावं लागत नाही. मृणाल प्रयोगशाळेत, खुर्चीतच गेली होती.

गिरणी थांबली. पीठ बराच वेळ हवेत राहिलं.

दूर, सूर्याभोवती एक लघुग्रह फिरतो. ओबडधोबड, काळाकभिन्न, कुणाचाच नसलेला. त्याच्याभोवती यान फिरत होतं. ऊन दगडावर पडायचं. दगड थोडं गिळायचा, उरलेलं परत फेकायचा. यान ते उरलेलं टिपायचं. जो रंग परत आला नाही, त्यावरून मृणाल दगड ओळखायची. कुठे लोखंड, कुठे काजळी, कुठे पाणी पिऊन बसलेली माती. जुळवून पाहायला इथले, पृथ्वीवरचे दगड लागत. ते मी घरी खलात कुटून द्यायचो. दाणा बदलला की प्रकाशही बदलतो.

"अहो, भाकरीचं पीठ नकोय मला. लापशीचा रवा हवाय."

"तूप किती घालू तुझ्या लघुग्रहाला?"

"आधी कुटा नीट! मुलगा दळणात हुशार आहे म्हणाल्या होत्या तुमच्या आई."

लोखंडाला तांबडा, काजळीला करडा, पाण्याच्या मातीला निळा. असा तिचा नकाशा भरत गेला. जिथे काहीच जुळलं नाही, तिथे पांढरा. दक्षिण सगळी पांढरी होती.

"राहू दे पांढरी," ती म्हणायची. "माहीत नाही, तर माहीत नाही."

वर्षश्राद्धाच्या आधीच नकाशाचा समारंभ झाला. मला शाल दिली, नारळ दिला. पडद्यावर लघुग्रह उलगडला. कोपऱ्यात तिचं नाव, नावाभोवती काळी चौकट. आणि दक्षिण निळी. गुळगुळीत निळी, सणाच्या रांगोळीसारखी निळी, एकही डाग नसलेली निळी.

"हे कुणी तपासलं?" मी देवस्थळीला विचारलं.

"अंदाज आहे, काका. शेजारचा भाग निळा, म्हणजे हाही असणारच. मॅडमचं काम अर्धवट दिसलं असतं ना!"

"मग तिचं नाव काढ. नाहीतर निळा काढ."

"छापून झालंय, काका."

टाळ्या वाजल्या. जिवंतपणी जे ती कधी बोलली नाही, ते मेल्यावर तिच्या तोंडी घातलं, आणि वर टाळ्या. शाल मी त्याच्या खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. सगळ्यांवर सारखंच पडत होतं.

यानातलं इंधन संपलं आहे. तिकडे दगड अजून ऊन झेलतो, थोडं गिळतो, उरलेलं परत फेकतो. ते घ्यायला आता तिथे कुणी नाही.

दक्षिणेला जुळणारा दगड शोधायचा राहिला आहे.